नेक पिलो, एक नग

सही मराठीत होती. बँकेच्या कागदावर, इंग्रजी आकड्यांच्या खाली, जिथं लोक एक वळण मारून मोकळे होतात, तिथं कुणीतरी पाटीवर गिरवावीत तशी अक्षरं काढली होती. राजाराम सखाराम. पुढचं आडनाव त्या चिंचोळ्या पावतीत मावलं नव्हतं. जे काही मावलं असेल ते झेरॉक्सच्या काठावर कापलं गेलं होतं. पण वरची रेघ होती. आधी सगळी अक्षरं बोडकी काढायची आणि मग डावीकडून उजवीकडे एका दमात रेघ ओढायची, अशी सही अख्ख्या लखनौत एकच माणूस करायचा, आणि तो माणूस जाऊन अकरा वर्षं उलटून गेली होती. चष्मा पुसायला म्हणून देवानंदनं रुमाल काढला होता, तो हातातच राहिला.

"देखिए सर, ये आपका साइन है ही नहीं," होम लोनच्या टेबलावरची दीप्ती म्हणाली. पोरगी त्याच्या मुलीच्या, पायलच्याच वयाची, पण सगळ्या निशातगंज शाखेचा भार आपल्याच डोक्यावर असल्यासारखी भराभर बोलायची. "कार्ड आपका, साइन किसी राजाराम का. आपने उस वक्त कम्प्लेंट भी की थी, रिकॉर्ड में है. बस यहाँ टिक कर दीजिए. हस्ताक्षर पहचानते हैं? नहीं. नीचे आपका साइन. हफ्ते भर में एंट्री साफ, स्कोर सात सौ के ऊपर, लोन पास." तिच्या कोपराखाली देवानंदचा कर्जाचा अर्ज होता आणि त्यात वडिलांच्या नावाच्या रकान्यात जे लिहिलं होतं ते वाचायला तिला काही वेळ नव्हता. सहीच्या पावतीला दुकानाचं बिलही जोडलेलं होतं. दिल्ली विमानतळ, कंपनी गुडगावची, तारीख, वेळ, आणि खाली: नेक पिलो, ग्रे, एक नग, अकराशे नव्वद. "पहचानते तो नहीं ना?" तिनं विचारलं. देवानंद म्हणाला, "मैडम, फॉर्म घर ले जाऊँ? मिसेज को एक बार दिखा दूँ. चार बजे तक लौटा दूँगा." दीप्ती हसली. इसमें दिखाना क्या है सर, असं म्हणाली, आणि कागद पाकिटात घालून दिले.

आता हे सगळं स्कोर प्रकरण देवानंदच्या आयुष्यात शिरलं ते जूनमध्ये. वय छप्पन्न, केंद्र सरकारच्या कचेरीत तीस वर्षांची नोकरी, डोक्यावर एका पैशाचं कर्ज नाही. कर्ज मागायला गेलो तर बँक उठून खुर्ची देईल, अशी त्याची भाबडी समजूत. आणि दीप्तीनं कॉम्प्युटर त्याच्याकडे वळवून दाखवलं: सहाशे अकरा. "सर, आपकी पूरी क्रेडिट हिस्ट्री में बस एक ही चीज है. एक पुराना कार्ड, बारह साल पहले का, पैसा नहीं भरा, बैंक ने बट्टे खाते में डाल दिया." देवानंद तेव्हा चांगलाच तापला होता. पायलच्या इंजिनियरिंगसाठी पीएफमधून उचललेले पैसे दर महिन्याला पगारातून कापून गेले, ते कुणी इतिहासात धरत नाही. वाण्याचं बिल पाच तारखेच्या आत, दूधवाल्याचं एक तारखेला, तेही कुठं लिहून ठेवलेलं नाही. तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाचा इतिहास म्हणजे काय, तर कुठल्या तरी गुडगावच्या कंपनीनं फसवून लावलेले अकराशे नव्वद रुपये! ते आपले नव्हतेच, हे तो दीप्तीला टेबलावर बोट आपटून सांगून आला होता. तिनं मुकाट्यानं जुनी फाइल मागवते म्हणून लिहून घेतलं, आणि तोवर स्कोर सुधारायचा म्हणून ठेवीवर एक छोटं कार्ड दिलं. थोडं थोडं खर्च करा, वेळेवर भरा.

त्या कार्डानंही घरात गंमतच केली. देवानंद सकाळी कार्डावर तीनशेचं पेट्रोल भरायचा आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवरून तीनशे भरून टाकायचा. भाजी, औषधं, गॅस, सगळं त्याच दिवशी चुकतं. उधारी अंगावर घेऊन त्याला झोपच यायची नाही. दोन महिने झाले तरी स्कोर हलेना. शेवटी पायलनं मोबाइल बघितला आणि कपाळावर हात मारला. "पापा, आप बिल बनने ही नहीं दे रहे हो यार! बैंक को पता तो चले कि आपने उधार लिया था." म्हणजे आधी देणेकरी व्हायचं, ते नीट वीस-पंचवीस दिवस राहायचं, आणि मग शहाण्यासारखं भरायचं, तेव्हा बँकेला माणूस भरवशाचा वाटतो. त्याची बायको कांता म्हणाली, "अहो, बाबांचं रक्त आहे, ते काय असं सुटणार?" तेव्हा सगळे हसले होते. मग देवानंद दात-ओठ खाऊन बिलाची वाट बघायला शिकला, आणि स्कोर कण्हत कुंथत सहाशे अडुसष्टपर्यंत आला. पुढं जाईना. आडवी पडलेली ती एकच जुनी एंट्री होती, आणि महिनाअखेरीला आता अकरा दिवस उरले होते.

महिनाअखेरीची मुदत सरोजजींनी घातलेली. निशातगंजच्या गल्लीतला त्यांचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, दोन खोल्या, आणि पूर्वेकडे रुंद बाल्कनी. त्या आपल्या मुलाकडे बेंगळुरूला चालल्या होत्या. कांता तो फ्लॅट बघायला गेली आणि मनानं तिथंच राहिली म्हणायची. एकोणतीस वर्षं ती क्वार्टरात राहिली, भिंतीवर काळ्या रंगानं नंबर घातलेल्या, खिळा ठोकायचा तर खात्याला आधी अर्ज करावा लागणाऱ्या क्वार्टरात. पहिली, दुसरी, आता तिसरी. हिच्या भिंतीवरचा खिळासुद्धा आधीच्या माणसाचा. सरोजजींच्या बाल्कनीत उभं राहून तिनं पूर्वेच्या भिंतीवर तळहात ठेवला होता आणि म्हणाली होती, "बुद्धाची मूर्ती इथं. बाबासाहेबांचा फोटो इथं. आणि बाबांचा इथं, त्यांना ऊन आवडायचं." सरोजजी भली बाई, पण त्यांच्याकडे रोकड देणारं दुसरं गिऱ्हाईक उभं होतं. तीस तारखेपर्यंत कर्जाचं पत्र दाखवा, असं त्या म्हणाल्या होत्या.

देवानंदनं स्कूटर छावणीच्या रस्त्यानं घातली. घरी जायला हा रस्ता लांबचा, पण इथं कुणी मागून हॉर्न मारत नाही. एका पांढऱ्या चुन्याच्या कुंपणापाशी त्यानं स्कूटर झाडाखाली उभी केली आणि पाकीट उघडून सही पुन्हा बघितली. बाबा अकोल्याकडच्या खेड्यातून लखनौच्या सरकारी कारखान्यात फिटर म्हणून आले. त्यांच्या बापानं आयुष्यभर अंगठा उठवला. त्यामुळं सहीचं त्यांना भारी कौतुक. पगारपत्रकावर सही करताना मागं रांग खोळंबायची, पण हे आपले अक्षर अक्षर लावून बसलेले. दहावीच्या फॉर्मवर देवानंदनं पहिल्यांदा इंग्रजीत झोकदार सही मारली तेव्हा बाबा कागद दूर धरून म्हणाले होते, "हे काय नाव हाय? पाऊस गळून रायला वाटते." आणि दरवर्षी दसऱ्याला नागपूर. दीक्षाभूमीवर जायचं, पांढरे कपडे घालून, कारखान्यातल्या आपल्या आठ-दहा माणसांबरोबर, जनरलच्या डब्यात उभं राहून. येताना पुस्तकं आणायची, कॅलेंडर आणायचं, आणि देवानंद लहान असताना न चुकता एक पेरूची पिशवी, जी झाशीपर्यंतच निम्मी व्हायची. त्या पेरूंचा वास त्या पुस्तकांना लागलेला असे. ती पुस्तकं अजून ट्रंकेत आहेत, वास गेला.

मग ती आठ-दहा माणसं एकेक करून गावाला परतली, काही गेलीच. एकाहत्तराव्या वर्षी बाबांचे गुडघे धरले. देवानंदनं त्याच सुमारास मॉलच्या दारात एका टाय लावलेल्या पोराकडून ते क्रेडिट कार्ड घेतलं होतं, आयुष्यातलं पहिलं. त्यावर त्यानं विमानाचं तिकीट काढलं, दिल्लीवरून नागपूर. "मी काय मंत्री हाओ काय?" बाबा आठवडाभर कुरकुरले आणि आठवडाभर शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत सुटले. अमौसीच्या विमानतळावर सगळं घर सोडायला गेलं होतं. दाराशी देवानंदनं कार्ड बाबांच्या हातात दिलं. दिल्लीला चार तास बसायचंय, काही लागलं तर घ्या. "मले काय लागते तिथं? कांतानं भाकरी बांधून देल्ली ना." पण कार्ड खिशात ठेवलं, आणि खिशाला वरून सेफ्टी पिन लावली. आत जाताना त्यांनी तीन वेळा वळून बघितलं, आणि तिन्ही वेळा त्यांचा एक हात त्या पिनेवर होता. देवानंदला ते सगळं इतकं लख्ख दिसलं की त्यानं स्कूटरच्या आरशावर हात टेकला.

परत आले ते रेल्वेनं, आणि गळ्यात ती करडी उशी. चारबागच्या फलाटावर उतरले तर पायल टाळ्या पिटायला लागली. "दादाजी, ये क्या पहना है?" बाबा क्षणभर गडबडले असतील का? आता कसं सांगणार. तेव्हा तर ते लगेच म्हणाले होते, "इमानात फुकट भेटली बावा. सगळ्याइले देतात." आणि ती गोष्ट घराची झाली. येईल त्या पाहुण्याला देवानंद ती सांगायचा, बाबांच्या आवाजाची नक्कल करून, सगळ्याइले देतात, आणि लोक पोट धरून हसायचे. विमान कंपनीची उशी. बाबाही हसायचे, जरा उशिरानं. बाबा गेल्यावरसुद्धा तो ती सांगत राहिला. गेल्या महिन्यात ऑफिसातल्या मोहनबाबूंना सांगितली होती.

आणि मग तो रविवार. नोव्हेंबर असावा, दारातून ऊन आत आलेलं. कार्डाचं पहिलं बिल आलं होतं, तिकिटाच्या खाली गुडगावच्या कुठल्या तरी कंपनीचं नाव आणि अकराशे नव्वद. देवानंदनं बँकेला फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि उभ्या उभ्या सुरू झाला. "गुडगाँव? हमारे घर से कोई गुडगाँव गया ही नहीं! कार्ड मेरे फादर के पास था. आप जानते हैं वो कौन हैं? पूरी जिंदगी किसी की चाय उधार नहीं पी उन्होंने. चोरी आपके यहाँ होती है और नाम हमारा?" पलीकडची मुलगी सर सर करत राहिली आणि तो चढत गेला. खरं सांगायचं तर त्याला त्या दिवशी स्वतःचा अभिमान वाटत होता. बाबा समोर दिवाणावर बसलेले, मांडीवर पेपर, गळ्यात ती उशी. त्याचं बोलणं चालू असताना बाबांनी ती हळूच गळ्यातून काढली, आणि पाठीमागं, भिंत आणि पाठ यांच्यामध्ये, ठेवून दिली. उकडलं असेल, असं देवानंदला वाटलं होतं. नोव्हेंबरात! "कायले भांडतं रे," बाबा फोननंतर म्हणाले, "भरून टाक नं. किती हायेत ते." त्यानं ऐकलं नाही, तिकिटाचे तेवढे भरले. त्यानंतर ती उशी त्यांच्या गळ्यात बघितल्याचं त्याला आठवेना. छावणीतल्या त्या झाडाखाली उभं राहून त्यानं खूप आठवून बघितलं. एकदासुद्धा नाही.

दोन-चार दिवसांनी बाबांनी एक लिफाफा पुढं केला होता, आत बाराशे रुपये. कार्डवाल्याले देऊन टाक. देवानंदनं तो त्यांच्याच हातात परत कोंबला. "जे घेतलंच नाही त्याचे पैसे का द्यायचे बाबा? तुम्हीच शिकवलंत ना?" बाबा काही बोलायला तोंड उघडून थांबले. तिथं त्यानं अर्धा मिनिट गप्प बसायला हवं होतं. बस, अर्धा मिनिट. पण त्याला ऑफिसला उशीर होत होता. फेब्रुवारीत बाबा गेले, सकाळी चहा पिता पिता, कुणाला हाक मारायलाही सवड न देता. ट्रंकेत तो लिफाफा सापडला, वर लिहिलेलं: देवानंद, कार्डाचे. पुन्हा तेच, असं मनात येऊन त्याला रडता रडता रागच आला होता. ते बाराशे त्यानं विहाराला दान दिले आणि पावती घेतली.

घरी पोचला तर दीड वाजला होता. कांता फीत घेऊन खिडकीचा पडदा मोजत होती, जुना पडदा सरोजजींच्या खिडकीला पुरतो का ते बघायला. "काय म्हणाली पोरगी? झालं?" तो खुर्चीवर बसला. खुर्चीच्या पाठीला ती करडी उशी बांधलेली होती. वर्षानुवर्षं ती तिथंच असायची, कांतानं तिला दोनदा खोळ शिवली होती. तो पुन्हा उठला. मग उभ्यानंच त्यानं सगळं सांगितलं, आणि पावती तिच्यापुढं ठेवली.

कांता पावतीकडं बघत राहिली. मग तिचा आवाज चढला, आणि का चढू नये. "मग करून टाका ना खूण! नाही म्हणून. कुणाचं काय जातंय? बँकेचे अकराशे रुपये बुडाले तर बँक काय रस्त्यावर येणारे? बाबा येणारेत का बघायला?" "पैसे भरू आपण," तो म्हणाला, "व्याजासकट सहा हजार आठशे होतात. भरून टाकू." "आणि मग?" "मग एंट्री बंद होते, पण डाग राहतो. स्कोर वर यायला वर्ष तरी लागेल, ती पोरगी म्हणाली होती." "आणि घर?" देवानंदनं टेबलावरची पावती सरळ केली. "एकोणतीस वर्षं," कांता म्हणाली, "एकोणतीस वर्षं मी खिडक्या मोजतेय, दुसऱ्याच्या. चार वर्षांनी तुम्ही रिटायर झालात की ही क्वार्टरही काढून घेतील, मग कुठं जायचं? तुमच्या खरेपणाच्या भाड्यानं?" तिनं फीत टेबलावर आपटली. ती गुंडाळत गुंडाळत आपोआप आत गेली. देवानंदला वाटलं, तिचं बरोबर आहे. सगळं बरोबर आहे. फक्त त्या कागदावर विचारलेलं एवढंच आहे, की ही सही ओळखता का.

बाहेर भाजीवाल्या भैयाची हाक दोनदा येऊन गेली आणि दोन्ही वेळा कांता उठली नाही. मग तिनं पावती पुन्हा उचलली, उजेडाकडं धरली. "आडनाव कापलंय की हो," ती म्हणाली. "मावलं नसेल," तो म्हणाला. "समोर तुमच्या नावाचं कार्ड, आणि सही स्वतःची करतात. दुकानदारानंही घेतली." तिला एवढंसं हसू आलं आणि लगेच गेलं. "देवानंद म्हणून सही करायची होती ना, तर कुणाला कळलं नसतं." "त्यांना कळलं असतं," तो म्हणाला. कांतानं खुर्चीपाशी येऊन उशीचा बंद सोडला. खोळ काढली. आतला करडा कपडा मधोमध, जिथं मान टेकते तिथं, अजून थोडा तेलकट होता. ती त्यावर अंगठा फिरवत राहिली.

"अहो," ती म्हणाली, "बारा रुपयांचा चहा घेताना विचार करणारा माणूस. त्यांनी अकराशेची उशी घेतली म्हणजे मान किती दुखत असेल हो त्यांची?"

बारा वर्षांत देवानंदनं त्या उशीची गोष्ट किती जणांना सांगितली, किती जणांना हसवलं, त्याचा हिशेब नव्हता. हे कुणी विचारलं नव्हतं. त्यानं तर नाहीच. "माहीत नाही," तो म्हणाला. "मी विचारलंच नाही कधी."

कांतानं उशी त्याच्या मांडीवर ठेवली आणि आतल्या खोलीत गेली. थोड्या वेळानं तिचा फोनवरचा आवाज ऐकू आला, जपून, अदबीनं, लखनौत शिकलेला. "जी सरोजजी, नमस्ते. जी, कांता. वो घर... आप उन लोगों को दे दीजिए. नहीं नहीं, सब ठीक है. बस, इस बार नहीं हो पाएगा." मग ती बराच वेळ नुसतीच जी, जी म्हणत राहिली. पडदा तिनं जाताना घडी घालून टेबलावर ठेवला होता.

सव्वातीन झाले होते. देवानंदनं चष्मा पुसला, फॉर्म समोर ओढला आणि 'हाँ'च्या चौकटीत खूण केली. खाली ओळ होती: यदि हाँ, तो किसका. जागा भरपूर होती. त्यानं आधी सगळी अक्षरं बोडकी काढली, एकेक करून, राजाराम, सखाराम, आणि मग तायडे. मग डावीकडून उजवीकडे, एका दमात, वरची रेघ ओढली.